बेणारेबाईंचे हात

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाच्या आरंभीच लीला बेणारेचं बोट दाराच्या कडीत चेंगरतं. सामंत तिला सभागृहात घेऊन येतो तेव्हा बोटाचं टोक तिच्या तोंडात असतं, आणि तो बिचारा त्या जुन्या कडीची तऱ्हा तिला समजावून सांगत असतो. नाटक वाचताना, पाहताना हा तपशील मी किती वेळा ओलांडून पुढे गेले असेन, सांगता येत नाही. फार तर एवढंच ध्यानात ठेवलेलं, की पुढे हीच कडी बाहेरून लागते आणि बेणारेला खटल्यातून निसटता येत नाही. कडी लक्षात राहिली, बोट विसरलं.

गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाने या नाटकाचा सुरुवातीचा भाग आणि तिसरा अंक करायला घेतला. बेणारेचं काम एका कर्णबधिर मुलीकडे होतं. वाचनाच्या दुसऱ्या दिवशी तिने दिग्दर्शिकेला हात करून थांबवलं आणि काही विचारलं. सामंत करणाऱ्या मुलाने ते आम्हाला मराठीत सांगितलं : "हिचं बोट पहिल्याच पानावर दुखावलंय. मग पुढचं सगळं ती बोलणार कशाने?"

१९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात हे नाटक उभं केलं, सुलभा देशपांडे बेणारे झाल्या, तेव्हापासून या नाटकावर मराठीत थोडं का लिहिलं गेलं आहे? मध्यमवर्गाची हिंसा, स्त्रीची कोंडी, नाटकातलं नाटक, सगळं झालं. बोटाबद्दलचा हा प्रश्न माझ्या तरी वाचनात आला नव्हता. सात आठवडे मी त्या तालमींना जात राहिले त्याचं कारण हा प्रश्न. प्रयोगाविषयी मी इथे फारसं लिहिणार नाही. हे नाटक मुळात एका तालमीविषयीच आहे. प्रयोगाला अजून वेळ आहे, मंडळी जमली आहेत, नव्या माणसाला कळावं म्हणून लुटूपुटूचा खटला चालवून दाखवायचा आहे, आणि त्या लुटूपुटूत एक बाई खरोखर सापडते. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालय करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या गप्पा तेंडुलकरांच्या कानावर पडल्या आणि त्यातून नाटक सुचलं, हे सर्वज्ञात आहे. 'कानावर पडल्या' हा शब्दप्रयोगही मी आता जरा थबकूनच लिहिते.

आठ पात्रांपैकी बेणारे, पोंक्षे आणि मिसेस काशीकर ही तिघं कर्णबधिर मुलं करत होती. काशीकर, सुखात्मे, कर्णिक, रोकडे आणि सामंत ऐकणारी मुलं. यातला सामंत वेगळा. त्याचे आईवडील दोघेही कर्णबधिर, त्यामुळे खुणांची भाषा ही त्याची घरची पहिली भाषा आणि मराठी शेजाऱ्यांकडून आलेली दुसरी. दिग्दर्शिका तृतीय वर्षाची, ऐकणारी, हट्टी आणि हुशार. मुलांची नावं मी देत नाही. त्यांनी बेणारेला दिलेलं खुणेचं नाव मात्र द्यायला हवं : डाव्या मुठीत उजव्या तर्जनीचं टोक चेंगरायचं. प्रत्येक वेळी कोर्ट तिचं नाव घेतं तेव्हा ते बोट पुन्हा चेंगरतं. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. नाटक पाठ होता होता ते आपोआप रुळलं, आणि एखाद्या व्यासंगी समीक्षकाला पाच पानं खर्चूनही जे साधलं नसतं ते त्या नावाने साधलं.

माझी पहिली चूक तिसऱ्याच दिवशी झाली. तालीम संपल्यावर मी बेणारे करणाऱ्या मुलीला कौतुकाने म्हणाले, की किती सुंदर चालतात तुझे हात, नृत्यातल्या मुद्रांसारखे. तिने सामंतकडे पाहून काहीतरी केलं. तो सांगायला तयार होईना. मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, "मॅडम, ती विचारतेय की तुम्ही एरवी नाटक बघून नटाला सांगता का, तुझी जीभ किती सुंदर हलते म्हणून?"

या उत्तरात एक अख्खा सिद्धान्त आहे आणि तो आपल्याच परिभाषेत मांडता येतो. भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. हात दिसले की आपण ते आंगिकाच्या खात्यावर टाकतो. नाट्यशास्त्रातले २४ असंयुत आणि १३ संयुत हस्त आठवतात आणि वाटतं, ही तर आपलीच परंपरा. पण नर्तकीचे हस्त गाण्याच्या आधाराने चालतात. शब्द दुसरीकडे असतो, हात त्याला रूप देतात. खुणांच्या भाषेत शब्द दुसरीकडे नसतोच. हात हाच शब्द, त्याला स्वतःचं व्याकरण आहे, त्यात तोतरेपण आहे, टोमणा आहे, व्याकरणाची चूक आहे. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६० साली तिथल्या खुणांच्या भाषेची रचना उलगडून दाखवली, तेव्हापासून भाषाशास्त्राला याबद्दल शंका राहिलेली नाही. म्हणजे बेणारे करणारी मुलगी हातांनी जे करते तो वाचिक अभिनय. तिचा आंगिक अभिनय वेगळाच असतो आणि तो वेगळा पाहावा लागतो : बोलताना खांदे किती पडले आहेत, पावलं दाराकडे वळली आहेत का, एखादा शब्द छातीपाशी अर्धवट राहिला का. आपल्याकडे अशा प्रयोगांची परीक्षणं 'बोलके हात' यापुढे जात नाहीत, कारण ती जिभेचं वर्णन करून थांबतात.

कर्णिक करणारा मुलगा भरतनाट्यम शिकलेला. त्याने खुणा सगळ्यांत लवकर उचलल्या, हातही स्वच्छ. तरी पोंक्षेला त्याचं बोलणं कळत नसे. चार दिवसांनी उलगडा झाला. 'अभिनयदर्पण'कार सांगतात की हाताच्या मागे दृष्टी जावी, आणि मुलाच्या अंगात ते इतकं मुरलेलं की तो आपल्याच हातांकडे पाहत बोलत होता. खुणांनी बोलणारा माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे पाहतो, आणि समोरचाही बहुतांशी त्याच्या चेहऱ्याकडेच पाहत असतो. हात नजरेच्या खालच्या कडेला वाचले जातात. भुवया उंचावणं, मान पुढे येणं हा तिथे भावाचा भाग नसून पुष्कळदा प्रश्नचिन्हाचा भाग असतो. "हा स्वतःशीच बोलतो," असं पोंक्षे म्हणायचा. कर्णिक हा प्रायोगिक नट म्हणून मिरवणारा इसम आहे, त्यामुळे दिग्दर्शिकेने पुढे ती खोड तशीच ठेवली. इतरांच्या मात्र काढून टाकल्या.

तालमीतल्या व्यावहारिक अडचणींची यादी लांबच लांब होईल. सुखात्म्यांच्या काळ्या झग्याच्या बाह्या मनगटावर येत, त्या दुमडून शिवल्या. हातात कायद्याचं पुस्तक असलं की सुखात्मे मुका. मग पुस्तक ठेवायचं, बोलायचं, उचलायचं, यातून त्याला एक लय सापडली. काळोख करून प्रवेश बदलणं बंद, कारण काळोखात संवाद मरतो. ऐकणाऱ्या मुलांनी तोंडाने मराठी आणि हाताने खुणा एकाच वेळी करून पाहिल्या. पाच मिनिटांत दोन्ही भाषांचा खिचडा झाला. वाक्याच्या शेवटी क्रियापद येण्यापर्यंत दोन्ही भाषा बऱ्याच जुळतात, पण खुणांच्या भाषेत 'काय', 'कोण', 'का' वाक्याच्या शेवटी जातात, काळ आरंभी येतो, विभक्तीचं काम जागा करते. जीभ जिंकली आणि हात अडखळले. शेवटी ठरलं, की ज्याला जे बोलायचं ते एका भाषेत, दुसरी भाषा दुसऱ्या नटाकडे.

एका अडचणीवर मात्र थांबायला हवं. न्यायाधीश काशीकरांचा हातोडा. हे काशीकर नाटकात फुरसतीने कान कोरतात, यातला विनोद या प्रयोगात वेगळाच लागत होता. ते हातोडा आपटतात आणि शांततेचा हुकूम देतात. बेणारेला हातोडा ऐकूच येत नसेल तर हुकमाचं काय? महाविद्यालयाचं सभागृह लादीचं, तिथे ठोका विरून जायचा. कुणीतरी नेपथ्याच्या खोलीतून लाकडी लेव्हल्स ओढून आणल्या, बेणारेची खुर्ची आणि काशीकरांचं टेबल एकाच लेव्हलवर मांडलं, आणि पहिला ठोका पडताच ती दचकून उठली. तळपायातून आला, म्हणाली. त्या दिवसापासून कोर्ट तिच्या पायाखाली भरलं. कानाने येणारा हुकूम माणूस ऐकून न ऐकल्यासारखा करू शकतो. पायाखालचा ठोका टाळायला जागा नव्हती.

आता त्या हुकमाची खूण. 'शांतता' हा नाटकाचा पहिला शब्द, तोच खुणेत कसा म्हणायचा? काशीकर करणाऱ्या मुलाने ओठांवर बोट ठेवलं. कर्णबधिर मुलं हसायला लागली. ओठांवरच्या बोटाने त्यांचं काय बंद होणार? मिसेस काशीकर करणारी मुलगी उठली आणि तिने एक हात छातीवर आडवा घेतला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर टेकवलं. आम्ही सगळे एकदम ओळखलं : हाताची घडी, तोंडावर बोट! मराठी शाळेतून गेलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. आमच्या लेखी त्यातला खरा हुकूम 'तोंडावर बोट' हा होता, हाताची घडी ही नुसती शिस्त. तिच्या लेखी घडी हाच बोळा होता.

आणि तो नुसता वर्गातला खेळ नव्हता. १८८० साली मिलान इथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणा सोडून तोंडी पद्धतीने शिकवावं असा ठराव केला, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या शाळांतून मुलांचे हात दाबले गेले. अशाच एका परिषदेने व्हँकूवरला २०१० मध्ये त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली तीही १८८० च्याच दशकात. आपल्याकडेही शिक्षणाचा भर दीर्घकाळ ओठ वाचण्यावर आणि बोलायला शिकवण्यावर राहिला. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना व्हायला २०१५ साल उजाडलं. त्या केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये आला, तो मुलांच्या फोनवर होता आणि सुखात्म्यांची वकिली भाषा बसवताना उपयोगीही पडला. पण बेणारे शाळेत शिकवते, हे विसरून चालत नाही. कोर्टात तिच्यावर येणारी खूण म्हणजे तिनेच रोज साठ पोरांना दिलेला हुकूम, हा पेच तेंडुलकरांच्या संहितेत सुप्त होता. तालमीत तो उघड्यावर आला.

चौथ्या आठवड्यात नाटक अडलं. मूळ नाटकात सुखात्मे, काशीकर एकामागून एक घाव घालतात, बेणारे गप्प असते, पण तिला सगळं ऐकावं लागतं. तिचं वय विचारतात, ती उत्तर देत नाही. आपल्या बेणारेने इथे एक साधी गोष्ट केली. ती खाली पाहू लागली. बस्स, खटला संपला! जिने डोळे काढून घेतले तिच्यापुढे सुखात्म्यांचं वक्तृत्व म्हणजे वारा. ऐकणाऱ्याला कान मिटता येत नाहीत, हिला मिटता येतात. दिग्दर्शिकेला हे फार आवडलं. पण मग कोर्टाची हिंसा उरेना. दोन दिवस असे गेल्यावर सुखात्मे करणाऱ्या मुलाने, कुणीही न सांगता, पुढे होऊन तिची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला.

पोंक्षे उठून बाहेर निघून गेला. तो परतला तेव्हा त्याने सांगितलं, की लहानपणी ओठ वाचायला शिकवताना त्याचा चेहरा असाच धरला जायचा, रोज. दिग्दर्शिका घाबरली, म्हणाली हे काढून टाकू. बेणारे म्हणाली, ठेवायचं. पोंक्षे म्हणाला, ठेवलं तर मी नाही. तासभर दोघं भांडत होते आणि सामंत सांगेनासा झाला, त्यामुळे आम्हा ऐकणाऱ्यांना त्या भांडणातलं अक्षरही कळलं नाही. आम्ही खुर्च्यांवर बसून होतो. शेवटी जे ठरलं ते असं : हनुवटी धरायची, पण सुखात्म्याने नाही, मिसेस काशीकरने. तिचं काम करणारी मुलगी स्वतः कर्णबधिर. जिला हा हात ठाऊक आहे तिनेच तो दुसरीवर टाकायचा. तेंडुलकरांच्या मिसेस काशीकर नवऱ्याकडून सतत गप्प केल्या जातात आणि बेणारेवर सगळ्यांत आधी तुटून पडतात. मी या पात्राकडे नेहमी विनोदी बाई म्हणून पाहत आले होते. त्या हनुवटीनंतर तसं पाहता आलं नाही. पोंक्षे राहिला, पण त्या प्रवेशात तो पाठ करून उभा राहतो, हेही त्यानेच ठरवून घेतलं.

हे सारं होत असताना खरा प्रश्न पुढे वाट पाहत उभा होता : ते शेवटचं स्वगत. कोर्ट आरोपीला दहा सेकंद देतं. बाकीची पात्रं गोठतात, बेणारे बोलते, पानंच्या पानं बोलते, आणि भान परतल्यावर कोर्टाच्या लेखी ती काही बोललेलीच नसते. प्रेक्षकाने ऐकलं, कोर्टाने नाही, या फटीवर नाटक उभं आहे. आता बेणारे खुणांनी बोलणार. बहुसंख्य प्रेक्षक ऐकणारे. त्यांना ते कोण सांगणार?

या प्रश्नाची अमेरिकेतली दोन उत्तरं मी मुलांपुढे ठेवली, माझं संशोधन एवढ्यापुरतं कामी आलं. मार्क मेडॉफ यांचं 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' १९७९ मध्ये आधी न्यू मेक्सिकोतल्या विद्यापीठात, ते जिथे शिकवत तिथे, उभं राहिलं आणि १९८० मध्ये ब्रॉडवेवर आलं. फिलिस फ्रेलिक या कर्णबधिर अभिनेत्रीसाठी ते लिहिलं होतं, तिला त्या कामाचं टोनी पारितोषिकही मिळालं. त्यात नायिका खुणांनी जे बोलते ते तिचा ऐकणारा शिक्षक-नवरा मोठ्याने उच्चारतो. युक्ती अतिशय कामाची, आणि तिथेच नाटकाचं दुखणं : नायिका ज्याच्याशी भांडते आहे त्याच्याच तोंडून आपण तिचं भांडण ऐकतो. दुसरं उत्तर लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरचं. त्यांनी मायकेल आर्डेन यांच्या दिग्दर्शनात 'स्प्रिंग अवेकनिंग' हे संगीतक २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आणलं. तिथे कर्णबधिर नटाच्या मागे सावलीसारखा एक ऐकणारा नट उभा राहतो आणि त्याचा आवाज होतो. पहिल्या उत्तरात आवाज शत्रूचा, दुसऱ्यात सावलीचा. (आपल्या पडद्यावर हा प्रश्नच येत नाही. 'कोशिश'पासून 'खामोशी'पर्यंत कर्णबधिर माणसं ऐकणाऱ्या नटांनी केली. चांगली केली, हे खरं; पण प्रश्न टळला.)

दिग्दर्शिकेला दोन्ही नको होतं. तिचं म्हणणं, आवाजच नको. दहा मिनिटं सभागृहात शांतता. ऐकणाऱ्यांना काही कळणार नाही, कर्णबधिरांना सगळं कळेल. एरवी मराठी नाटकाला गेलेल्या कर्णबधिर माणसाला जे होतं ते एकदा यांना होऊ दे. मला हे मोहक वाटलं आणि तसं मी बोललेही. यावर बेणारे करणारी मुलगी संतापली. तिचं म्हणणं मी त्याच रात्री लिहून ठेवलं, ते जवळपास असं होतं : "तुम्हा ऐकणाऱ्यांना शांतता फार आवडते. माझ्या बाईने अडीच तास वाट पाहिली आहे बोलायला. आता ती बोलतेय आणि तुम्ही म्हणता, लोकांना कळलं नाही तर छान दिसेल?"

तिचं बरोबर होतं, आणि नुसतं माणुसकीच्या नव्हे, नाट्यरचनेच्याही अंगाने बरोबर होतं. प्रेक्षकालाही कळलं नाही तर प्रेक्षक कोर्टात जमा होतो आणि तेंडुलकरांनी ठेवलेली ती फट बुजते. उरते ती ऐकणाऱ्यांना दिलेली शिक्षा. तिच्यात चमक आहे, नाटक नाही. मी माझं मत तिथल्या तिथे मागे घेतलं. दिग्दर्शिकेला आठवडा लागला.

मग आवाज कोणाचा? सुखात्म्याचा, असं एक मत पडलं : आरोपीचं निवेदन वकिलाच्या तोंडून. ते फार चतुर होतं म्हणूनच नको वाटलं. सगळ्यांच्या नजरा सामंतकडे वळल्या. सामंत हा त्या टोळक्यातला एकटा बाहेरचा आणि भला माणूस. पण कोर्टात साक्षीला उभा केल्यावर तो वाचत असलेल्या कादंबरीतला मजकूर बेणारेच्या नावावर खपवतो, हेही विसरता येत नाही. त्याने एकदा तिच्या तोंडी भलते शब्द घातले आहेत. आता खरे शब्द बोलण्याची पाळी त्याच्यावर यावी, यात न्याय होता. मुलाने नकार दिला.

"मी सहा वर्षांचा असल्यापासून हेच करतोय," तो म्हणाला. बँकेत, रेशनच्या दुकानात, डॉक्टरकडे. आईला गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते आईला त्यानेच सांगितलं, आणि आईने जे विचारलं ते डॉक्टरांना त्यानेच विचारलं. त्या वेळी तो नववीत होता. नाटकात तो सामंत व्हायला आला होता, दुभाषा व्हायला नाही. तालमीतही आम्ही सात आठवडे त्याला फुकट राबवून घेत होतो, हे त्या क्षणी प्रत्येकाला कळलं असावं. निदान मला कळलं. दुसऱ्या दिवसापासून महाविद्यालयाने, पुष्कळ अर्जविनंत्यांनंतर, एक प्रशिक्षित दुभाषी बाई तालमीला दिली. ती आल्यानंतर तिसऱ्या दिवशी तो मुलगा आपणहून म्हणाला, स्वगत मी बोलतो.

मग नवी पंचाईत. बेणारेचे शब्द बोलायचे तर तिच्याकडे पाहायला हवं, म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ. प्रेक्षकांकडे तोंड केलं तर ती दिसत नाही. तो रंगमंचाच्या कडेला जमिनीवर बसला, पाठ तीन चतुर्थांश प्रेक्षकांकडे. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना. त्याहून वाईट म्हणजे मराठी लवकर संपायची. जिभेला वाक्य आधी कळतं, हातांना ते हवेत बांधावं लागतं. आवाज पुढे गेला की ऐकणारे प्रेक्षक, म्हणजे त्या वेळी आम्ही, हातांकडे बघणं सोडून देत होतो. अर्थ मिळाला, आता हात म्हणजे शोभा. दिग्दर्शिकेने नियम केला : हात आधी, आवाज मागून. एका श्वासाइतका मागून. त्या एका श्वासात काय घडतं हे मला सांगता येईल का, बघते. बेणारे काहीतरी म्हणाली आहे, तुम्हाला कळलेलं नाही, तुम्ही तिच्याकडे पाहत आहात. मग शब्द येतो, आणि तुम्ही पाहिलेलं मागे जाऊन पुन्हा पाहता. तोवर ती पुढचं म्हणते. संपूर्ण स्वगतभर तुम्ही तिच्या एक पाऊल मागे असता.

स्वगतात दोन गोष्टी मला दिसल्या त्या मराठी संहितेत दिसणं शक्य नव्हतं. कोर्टातली मंडळी गर्भाचा उल्लेख करतात तेव्हा खूण समोरच्या हवेत करतात, टेबलावर ठेवलेल्या पुराव्यासारखी. बेणारे तीच खूण स्वतःच्या पोटाशी आणते. शब्द एकच, जागा बदलली. दुसरी गोष्ट प्राध्यापक दामल्यांची. दामले नाटकात शेवटपर्यंत येत नाहीत. त्यांची रिकामी जागा हे या नाटकातलं मोठं पात्र आहे. पण खुणांच्या भाषेत दुसऱ्याविषयी सांगताना सांगणारा खांदा किंचित वळवून क्षणभर तो दुसरा होतो, त्याची मान, त्याची नजर धरतो. स्वगतात ती आधी मामा झाली, मग खांदा वळला आणि तिच्या अंगात दामले उभे राहिले : हनुवटी वर, नजर पुस्तकाच्या वरून. दोन क्षण. मग ती परत बेणारे झाली. जो माणूस कोर्टात एकदाही हजर झाला नाही त्याला तिने स्वतःच्या खांद्यावरून हजर केलं. सुलभाताईंच्या बेणारेबद्दल जे वाचलं, ऐकलं आहे त्याचा आदर राखून म्हणते, हे बोलल्या मराठीत होणार नाही.

हे मी पाहिलं ते तिसऱ्या वेळी. पहिल्या दोन वेळा मी टिपणं घेत होते. वही मांडीवर, मान खाली. तिसऱ्या वेळी स्वगत सुरू होऊन अर्ध्या मिनिटात ती थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. गोठलेल्या कोर्टातल्या सातही जणांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळेना काय झालं. मग दुभाषी बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही खाली बघताय." मी वही मिटली. तालमीत माझं खुणेचं नाव काय पडलं आहे हे मला त्यानंतर सांगण्यात आलं : मान खाली आणि हवेत चाललेलं पेन.

राहिलं शेवटचं गाणं. संहितेत बेणारे निश्चल पडली आहे, सामंत हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो, आणि कुठूनतरी तिचाच आवाज चिमणीचं ते गाणं म्हणतो. तिचाच आवाज. दिग्दर्शिकेचं म्हणणं, या मुलीने स्वतःच्या गळ्याने म्हणावं. लहानपणी दहा वर्षं तिला बोलायला शिकवलेलं आहे, आवाज आहे तिला. मुलगी म्हणाली, "तो मला ऐकू येत नाही. लोक ऐकतात आणि हसतात. मग तो माझा कसा?" मग तिचे हात आधी चित्रित करून मागच्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. प्रोजेक्टरच्या निळ्या उजेडात बोटं एकमेकांत मिसळली, गाणं वाचता येईना. मग पडद्यामागून पोंक्षेचे हात सावलीत. ते पोंक्षेचे दिसले.

प्रयोगाला आठ दिवस उरले होते. नऊ वाजले आणि पहारेकऱ्याने सवयीप्रमाणे सभागृहाचे दिवे घालवले. अंधारात अर्धी माणसं वाक्याच्या मध्येच तुटली. "अहो काका, बोलतायत ते अजून!" असं सामंत ओरडला. दिवे आले, पण काकांनी चावी हातात धरलेली. सगळे फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर गेले, कारण तिथे ट्यूबलाइट होती. दिग्दर्शिका, बेणारे, पोंक्षे तिघं उजेडाच्या पट्ट्यात उभे राहून गाण्यावरून भांडू लागले. दुभाषी बाई घरी गेल्या होत्या. सामंतने चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता आणि तो खाली ठेवत नव्हता. मला त्या भांडणातली एकच खूण कळली, पुन्हा पुन्हा येत होती : डाव्या मुठीत चेंगरलेलं बोट.